नारबाची माती

परवा एका मुंजीच्या पंगतीत माझ्यासमोर बसलेल्या तरुण वकिलानं नारबा माळ्याची गोष्ट सांगितली. निजामाच्या अमलात एका अडाणी माळ्यानं तहसीलदाराची धडधाकट बायको पुरायची परवानगी मागितली, अशी ती गोष्ट. आमच्या भागात ती सगळ्यांना ठाऊक आहे. कुणी बोलण्यात घोटाळा केला, की 'नारबाची माती केलीस' असं म्हणायची पद्धतच पडून गेली आहे. वकिलानं गोष्ट छान रंगवली. पंगत हसली. मीही हसलो. तो अर्ज ज्यानं लिहिला तो माणूस आपल्यासमोर बसून दुसरी जिलबी खातोय, हे त्या बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार?

घरी आल्यावर जिलबी पचली नाही. माझं वय आता ऐंशीच्या पुढं आहे. त्या गोष्टीतलं कुणी उरलं नाही, तहसीलदारसाहेब नाहीत, बेगमसाहेबा नाहीत, नारबाही नाही. मी गेलो की गोष्ट तेवढी राहील, आणि तीही खोटी. म्हणून लिहायला बसलो. पण चूक कुणाची होती हे सांगण्याआधी नारबा कसा होता ते सांगायला हवं. लोकांना तो त्या एका कागदापुरता ठाऊक आहे, आणि त्या कागदात नारबाचा फक्त अंगठा होता.

त्या काळी कचेरीचा सगळा कारभार उर्दूत चाले. मी तालुक्याच्या कचेरीत नवा अहलकार, म्हणजे कारकून होतो. नोकरीला पाच महिने झाले होते. एका मौलवींकडं तीन वर्षं उर्दू शिकलो होतो आणि आपल्या अक्षराचा मला फार अभिमान होता. साहेबांना मराठी येत नसे, त्यामुळं कुणी खेडूत आला की दुभाष्याचं कामही माझ्याकडं येई.

साहेब हैदराबादेहून बदलून आले होते. त्यांच्या बेगमसाहेबा माहेरी मोठा बगीचा मागं ठेवून आलेल्या. बंगल्यात पडद्याआड बसून त्यांना समोर मोगरा आणि गुलाब दिसायला हवे होते, निदान वास तरी यायला हवा होता. पण अंगणात होती कापसाची भारी काळी माती. तीन माळी आले, तीनदा रोपं लागली, तीनदा मेली. तेव्हा कुणीतरी घाटनांदूरच्या नारबाचं नाव सुचवलं.

तो आला तो दिवस मला लख्ख आठवतो. पन्नाशीचा, उंच, वाळका माणूस. अंगात कुणातरी लठ्ठ माणसाचा जुना काळा कोट. अंगणाच्या कडेला थांबून त्यानं चपला काढल्या.

"देवळात आलास का बे?" चपराशी म्हणाला.

"माती बगायला आलोय. पयल्याच भेटीत तिच्या अंगावर पायतान घालून चढू काय?"

तो उकिडवा बसला. ढेकूळ उचलून त्यानं वास घेतला, चुरा बोटात मळला, एक कण जिभेवर ठेवला आणि बाजूला तोंड करून अदबीनं थुंकला. साहेब खुर्चीत बसून बघत होते. मी शेजारी उभा.

"बाई लई ताकदीची हाय," नारबा म्हणाला. "पन हिच्या घरात दुसरं कुनी नांदायचं न्हाई. पावसाळ्यात मूळ बुडवून मारती, अन् उन्हाळ्यात भेगा पडल्या की फास लावून मारती."

"मग करायचं काय?" साहेबांच्या वतीनं मी विचारलं.

"हिला हितंच निवांत ऱ्हाऊ द्या. हिच्या डोक्यावर दगडाचा वाफा बांधू, गुडघ्याएवढा उंच. तळाला गोटे अन् खापरं, म्हंजी पानी निसटून जाईल. अन् वर बाहेरून माती आनू. चांगल्या घरची."

'चांगल्या घरची' हे उर्दूत कसं सांगावं या विचारात मी चाचरलो. साहेब हसून म्हणाले, "ख़ानदानी?" तेव्हापासून बंगल्यात त्या मातीला सगळे 'ख़ानदानी मिट्टी' म्हणू लागले.

नारबा माती शोधायला जात नसे, माती 'बगायला' जात असे. मुलगी बघायला जातात तसा. त्यासाठी तो कोट घाली, मुंडासं नव्यानं बांधी आणि निघण्याआधी तोंड धुई. साहेबांनी मला त्याच्याबरोबर फिरायला सांगितलं होतं, कारण दुसऱ्याच्या शिवारातली माती उचलायची तर कचेरीचं कुणीतरी सोबत हवं. त्या पंधरा-वीस दिवसांत मी जेवढी माती पाहिली तेवढी पुढं आयुष्यात पाहिली नाही. गावात शिरला की नारबाचे प्रश्न सुरू होत. हिचं माहेर कुठलं, म्हणजे ती कुठून वाहून आली? मागच्या साली हिच्यात काय पेरलं होतं? पाणी दिलं की किती दिवस राग धरून बसते? शेतकरी आधी चक्रावत आणि मग अगदी मुलीचे बाप असल्यासारखे खाली मान घालून उत्तरं देत.

पसंत पडलेल्या मातीचा नमुना तो धोतराच्या फडक्यात बांधी. एक गाठ म्हणजे एक माती, दोन गाठी म्हणजे दुसरी. त्याच फडक्यांच्या गठुळ्यात त्याच्या भाकरीबरोबरची कारळाची चटणीही असे. एका दुपारी झाडाखाली जेवताना त्यानं भाकरी माझ्यापुढं केली आणि हातानंच चटणीकडं खूण केली. मी फडकं सोडलं आणि भरपूर चटणी लावून मोठा घास घेतला. दातांत कचकच झाली तेव्हा कळलं. मी थुंकणार, तेवढ्यात नारबानं माझा हात धरला.

"थांबा, थांबा. थुंकू नगा. कशी लागली?"

"कशी म्हणजे? माती लागली!"

"ते न्हाई हो. खारट लागली का?"

तोंड तसंच ठेवून मी विचार केला. थोडी खारट होती खरी. तसं सांगितलं.

"मलाबी तसंच वाटलं व्हतं, पन खात्री न्हवती," तो म्हणाला आणि ते फडकं त्यानं तिथंच झटकून टाकलं. "बरं झालं, दुसऱ्याचं मत घेतलं. घ्या आता चटनी."

दिंद्रुडच्या बाजूला एका पाटलाच्या तळ्याचा गाळ प्रसिद्ध होता. पाटलानं आम्हांला गूळपाणी दिलं, सुपारी दिली आणि मोठ्या ऐटीत तळ्यावर नेलं. नारबानं मूठभर गाळ तांब्यात घातला, वरून पाणी ओतलं आणि तांब्याला कान लावून बसला. पाटील माझ्याकडं बघू लागला. मी आभाळाकडं बघू लागलो.

"पितीया," बऱ्याच वेळानं नारबा म्हणाला. "पन गटागटा पितीया. हावरी हाय."

"काय बे माळ्या!" पाटील उसळला. "माझ्या तळ्याचा गाळ न्यायला लोक गाड्या जुंपून उभे ऱ्हातेत, अन् तू नाक मुरडतो?"

"पाटील, गाळ झ्याक हाय. लई झ्याक. पन एकटीला घरात घेतली, तर ऊन लागलं की तोंड मिटून बसन. हिला जावा पायजेत."

"जावा?"

"दोन. एक डोंगराकडची तांबडी, मोकळ्या सोभावाची. अन् एक म्हातारी. पांढरी."

पाटलाचा राग कुठल्या कुठं गेला. "आरं, माझ्या घरात तीन जावा हायेत," तो म्हणाला. "तुझा वाफा फुटंल, वाफा!"

पांढरी म्हणजे उठून गेलेल्या जुन्या गावठाणाची माती. पिढ्यान्‌पिढ्या तिथं माणसं राहिलेली असतात. चुलीची राख, गुरांचं मूत, पडलेल्या भिंती, सगळं तिच्यात मुरलेलं असतं. नारबाचं तिच्याबद्दल ठाम मत होतं. "तिनं शंभर संसार बगितलेत. तिला सगळं कळतं. म्हनून थोडीच घालायची. म्हातारी जादा झाली की घरात कुनी वाढत न्हाई."

बंगल्यात नारबाची खरी गट्टी जमली ती बेगमसाहेबांशी. त्या पडद्याआड, हा अंगणात. निरोप नेण्या-आणण्याचं काम त्यांच्या म्हाताऱ्या मोलकरणीचं. हैदराबादेकडं घरकाम करणाऱ्या बाईला 'मामा' म्हणतात. पहिल्या दिवशी आतून "मामा!" अशी हाक आली, तेव्हा बेगमसाहेबांचे मामा येणार म्हणून नारबानं कोटाची गुंडी लावली आणि ताठ उभा राहिला. बाहेर आली एक ठेंगणी म्हातारी.

"मुनशीसायेब," तो माझ्या कानाशी म्हणाला, "मामा तर बाई हाय!"

पण मान द्यायचा म्हणजे द्यायचा. तेव्हापासून तो रोज सकाळी तिला "मामासायेब, राम राम" म्हणे आणि आतून हसू ऐकू येई.

पुढं बेगमसाहेबांना मातीचा वास घ्यायची गोडी लागली. बशीतून ढेकळं आत जात, बशीतून बाहेर येत. एकदा नारबानं पसंत केलेली तांबडी माती परत आली. मामा म्हणाली, "बेगम बोलरे, नक्को. इसमें चमड़े की बास है." नारबानं पुन्हा हुंगलं, विचार केला आणि माझ्याकडं वळला. माती आणली त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला कातडी कमावण्याची जागा होती, हे मलाही तेव्हा आठवलं.

"बाईला नाक हाय," नारबा म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठी स्तुती मी ऐकली नाही. त्यानं दुसरी तांबडी आणली.

मग गाळ आला, नवी तांबडी वाफ्यात पडली. पांढरी तेवढी राहिली. नारबानं ती बघून ठेवली होती, पण गावठाण सरकारी, तिथली माती उचलायला साहेबांची लेखी परवानगी लागणार. साहेब दौऱ्यावर, एक दिवसाच्या वाटेवर. पेशकार, म्हणजे साहेबांपुढं कागद ठेवणारे मुख्य कारकून, रजेवर. सकाळीच नारबा माझ्या बैठकीसमोर येऊन बसला.

"लिवा, मुनशीसायेब. बेगमसायबांच्या वाफ्याला माती द्यायची हाय. माती बगून ठिवलीया. चार मानसं अन् एक गाडी लागन. मिरग जवळ आलाय, उशीर बरा न्हाई. सायबांनी येळ सांगावी."

मी लेखणी उचलली आणि 'वाफा' या शब्दापाशी अडलो. मौलवींनी मला गझला शिकवल्या होत्या, फर्मानं शिकवली होती, वाफा शिकवला नव्हता. कचेरीत तीन जाणते लोक बसले होते. पण त्यांच्यापुढं अडल्याचं कबूल करणं माझ्या जिवावर आलं. शेवटी मी तो शब्द गाळला. वाफा बेगमसाहेबांचाच आहे, साहेब समजून घेतील, असा विचार केला आणि सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं: 'बेगम साहेबा को मिट्टी देना है. मिट्टी देख ली गई है. चार आदमी और एक गाड़ी दरकार है. ताख़ीर मुनासिब नहीं. हुज़ूर वक़्त मुक़र्रर फ़रमाएं.'

"वाचून दावा की," अंगठा उठवण्याआधी नारबा म्हणाला.

"उर्दूतलं तुला काय कळणार?" मी म्हणालो, त्याचा अंगठा घेतला आणि कागद डाकेच्या थैलीत टाकला.

मिट्टी देणं म्हणजे मुसलमानांत दफन करणं. आमच्याकडंही मयताला जाऊन आलेला माणूस 'मातीला गेलतो' असंच म्हणतो. म्हणजे उर्दू सोडा, नुसत्या मराठीनंसुद्धा मला हटकायला हवं होतं. पण मी अक्षर बघण्यात गुंग होतो.

साहेबांना कागद संध्याकाळी मिळाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते घोड्याच्या तोंडाला फेस येईस्तोवर दौडत गावात शिरले. मागं दोन जहागीरदार, पांढऱ्या कापडाचा तागा घेतलेला एक स्वार, आणि वाटेत उठवून आणलेले काझी. बाजारपेठेनं हे पाहिलं आणि दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. बंगल्याबाहेर रडारड सुरू झाली.

मी तेव्हा अंगणात नारबाबरोबर वाफ्याजवळ होतो. आतून बेगमसाहेबांनी मामाला बघायला पाठवलं. ती गेली आणि पांढऱ्याफटक चेहऱ्यानं धावत परत आली. पडद्यापाशी तिचं बोलणं आम्हांला स्वच्छ ऐकू आलं.

"कौन मरा?"

"बेगम, आप मर गए बोलरे बाहर."

मग आतून आवाज आला, "अभी नक्को. पहले मोगरा लगने दो."

एवढ्यात साहेब अंगणात आले. त्यांनी तो आवाज ऐकला आणि वाफ्याच्या दगडावर मटकन बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी कुठल्या साहेबाला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. पाच मिनिटांनी ते उठले तेव्हा त्यांच्या हातात तो कागद होता आणि चेहरा वेगळा होता.

"ये किसने लिखा?"

नोकरीचे पाच महिने डोळ्यांपुढून गेले. "नारबानं सांगितलं ते लिहिलं, हुजूर," मी उर्दूत म्हणालो. "खाली त्याचा अंगठा आहे."

साहेबांनी नारबाकडं बघितलं. "तूने क्या लिखवाया था?"

कागदात काय आहे हे नारबाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याला वाटलं, साहेब सरकारी पांढरी मागितल्यावरून रागावले. तो हात जोडून म्हणाला, "वाफ्याला माती द्यायची मनलो, सायेब. दुसरं कायबी न्हाई."

साहेब माझ्याकडं वळले. दुभाष्या मीच होतो.

"कहता है, मिट्टी देने को कहा था."

पहिल्यांदा मी वाफा गाळला तो शब्द येत नव्हता म्हणून. ती चूक झाली. दुसऱ्यांदा गाळला तेव्हा वाफा माझ्यासमोर, गुडघ्याएवढा उंच, उभा होता. नुसतं बोट दाखवलं असतं तरी भागलं असतं. लोक ज्या गोष्टीला हसतात तीत हे वाक्य नाही. म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

साहेबांनी चाबूक उचलला, पण मारला नाही. या माणसाचा पाय पुन्हा बंगल्याला लागता कामा नये, एवढंच म्हणाले. नारबानं कोट उचलला, चपला हातात घेतल्या. जाता जाता म्हणाला, "पांढरी नको तर नको, सायेब. पन वाफा असा अर्धा ठिवू नका, रोपं मरतील." ते मी भाषांतरित केलंच नाही.

बेगमसाहेबांनी त्याला परत बोलवावं म्हणून बरेच दिवस हट्ट धरला. साहेबांनी ऐकलं नाही. त्यांनी बायकोच्या मरणाची बातमी एकदा ऐकली होती, ती आणणारा माणूस त्यांना दारात नको होता. शेवटी बेगमसाहेबांनी मामाकरवी दोन टोपल्या पांढरी आणवली आणि नारबाकडून ऐकलेल्या बेतानं मिसळायला लावली. त्या साली मोगरा असा फुलला, की कचेरीत टिपणं लिहिताना मला त्याचा वास यायचा. शाबासकी नव्या माळ्याला मिळाली. नारबाला मात्र त्यानंतर कुठल्याच बंगल्यात काम मिळालं नाही. अंमलदारांच्या बायका त्याचं नाव निघालं की कानाला हात लावत.

सहा वर्षांनी पीकपाहणीच्या कामानं मी घाटनांदूरला गेलो. नारबा घरामागच्या पट्टीत वांग्या-मिरच्यांची रोपं तयार करून बाजारात विकत होता. कोट नव्हता, वाळका जास्तच झाला होता. मी दगडावर बसलो आणि त्याला सगळं सांगितलं, दोन्ही वेळचं. तो मातीतले खडे वेचत ऐकत होता.

"म्हंजी मी बरुबर मनलो व्हतो?"

"बरोबर."

"अन् वाफा तुमी खाल्ला. दोनदा."

"दोनदा."

त्यानं एक खडा दूर फेकला. "वाफ्याला त्यांच्यात काय मनत्यात?"

"क्यारी. मला नंतर कळलं."

नारबा असा हसला, की त्याला ठसका लागला. "आवो, क्यारी तर मला ठावं व्हतं! मामासायेब दिवसभर तेच की. क्यारी में ये डालो, क्यारी में वो डालो. वाचून दावा मनलो व्हतो ना तुमाला? वाचलं असतं तर मीच मनलो असतो, मुनशीसायेब, तुमची क्यारी ऱ्हायली!"

मीही हसलो. मोकळं वाटलं. आता मिटलं, असं मला वाटलं. नारबानं डोळे पुसले आणि विचारलं, "पन हे मला कशाला सांगता?"

"म्हणजे?"

"मी काय मनलो ते मला ठावंच व्हतं. ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

"कवा?"

मी पाहणीच्या कागदांची गुंडाळी केली आणि उठलो. तो हात न धुता तसाच मला रस्त्यापर्यंत पोचवायला आला. छकडा जुंपून तयार होता. शेजारी पारावर चार माणसं बसली होती. त्यांतला एक ओरडला, "काय नारबा, आज मुनशीला माती द्यायला निघाला काय?"

पार खळखळून हसला. नारबा त्यांना काहीतरी उलट टोला देणार म्हणून ते थांबले होते, त्यांना तशी सवय दिसली. पण त्यानं माझ्याकडं बघितलं. रागानं नव्हे. आपली पाळी संपल्यावर माणूस दुसऱ्याला बोलू देतो, तसं.

चार माणसं. त्यांतला एकही मला ओळखत नव्हता. तिथं साहेब नव्हते, कचेरी नव्हती. एक वाक्य पुरेसं होतं.

मी छकडेवाल्याला म्हणालो, "चल, उशीर होतोय."

वळणावर मी एकदा मागं बघितलं. पारावरची माणसं त्याला काही विचारत होती. त्याचं लक्ष तिकडं नव्हतं. मातीचे हात अंगापासून दूर धरून तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, छकडा अजूनही थांबेल असं धरून.